सातशे जणांचा सोसायटी ग्रुप कसा सांभाळावा?

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सातशे लोक आहेत. गेल्या महिन्यात मला अ‍ॅडमिन केलं. पाणी, पार्किंग, भटकी कुत्री, राजकारणाचे फॉरवर्ड यावरून रोज भांडणं होतात. मी अकरा नियम लिहून ग्रुपवर टाकले, पण कोणी पाळत नाही. आधीच्या अ‍ॅडमिनने कुत्र्यांना खायला घालण्याच्या वादात एका ज्येष्ठ काकांना रिमूव्ह केलं, त्यावरून दोन तट पडलेत. ग्रुप शांत कसा ठेवू? आणि काकांना परत घेऊ का?"

ताई, तुमचे नियम चांगले आहेत. पण ज्याच्या नळाला सकाळी सातला पाणी आलं नाही, त्याने बोलायचं कुठे, हे त्या अकरा नियमांत कुठेच नाही. मग तो ग्रुपवरच बोलणार आणि रागाने बोलणार. त्याला नियम दाखवला की तो राग तुमच्यावर निघणार.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या सोसायटीचे ग्रुप २०१६ पासून सांभाळतो. नऊ इमारती आहेत, सहाशेच्या वर घरं. त्याआधी बावीस वर्षं एका कारखान्यात कामगारांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्या विभागात काढली. माणूस तावातावाने यायचा. त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि त्याच्या देखत वही उघडून तक्रार लिहून घ्यायची. वही उघडली की आवाज खाली यायचा. काम व्हायला पुढे पंधरा दिवस लागले तरी चालायचं, कारण आपलं म्हणणं नोंदलं गेलंय आणि त्याला नंबर पडलाय हे त्याला ठाऊक असायचं. ग्रुप सांभाळायची माझी सगळी रीत या वहीतून आलेली आहे. ग्रुप शांत राहतो तो ग्रुपबाहेर केलेल्या कामामुळे: वहीत, फोनवर, कधी कोणाच्या घरी जाऊन. ग्रुपमध्ये टाइप करून मी आजवर एकही भांडण मिटवलेलं नाही.

आधी आकाराबद्दल बोलतो, कारण तुमच्या बऱ्याच त्रासाचं मूळ तिथे असावं. २०१६ मध्ये ग्रुपला २५६ जणांची मर्यादा होती. आमची माणसं एकात मावत नव्हती, म्हणून तीन-तीन इमारतींचा एक असे तीन ग्रुप होते. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ झाली आणि वर्ष संपायच्या आत १०२४. सगळे म्हणाले, आता एकच ग्रुप करू, सोसायटी एक होईल. मलाही तसंच वाटलं आणि मी तो केला. पहिल्याच महिन्यात पूर्वीच्या सहा वर्षांत झाली नव्हती इतकी भांडणं झाली. मी मागचे मेसेज पुन्हा वाचत बसलो तेव्हा कारण लक्षात आलं. पूर्वी सी इमारतीतल्या गळतीवर सी इमारतीतले आणि शेजारचे लोक बोलायचे. त्यांची लिफ्ट एक, पार्किंग एक, मुलांच्या शाळेची बस एक. उद्या सकाळी ज्याचं तोंड बघायचंय त्याच्याशी माणूस जपूनच बोलतो. आता त्याच गळतीवर एच इमारतीतला माणूस सल्ला देत होता, ज्याने सी इमारतीचा जिना कधी पाहिलेला नाही. सीमधल्यांना तो परका वाटत होता आणि त्याला सीमधले रडे वाटत होते.

दोन महिन्यांनी मी तो मोठा ग्रुप चर्चेसाठी बंद केला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटीची, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली ठेवायची, सोय नुकतीच आली होती, तिचा उपयोग केला. आता आमच्याकडे प्रत्येक इमारतीचा वेगळा ग्रुप आहे, सगळ्यांना मिळून एक सूचनांचा ग्रुप आहे ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहितात, आणि हौसेचे ग्रुप वेगळे आहेत: गणपती, क्रिकेट, जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री, घरगुती डबे. ज्यांना सुप्रभातचे फोटो पाठवायचे असतात त्यांच्यासाठी एक "कट्टा" आहे. कट्ट्यावर आज पावणेदोनशे लोक आहेत आणि सगळे आपखुशीने आलेले. सुप्रभातच्या मेसेजची चेष्टा करणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नका. एकटी राहणारी म्हातारी माणसं त्या एका फोटोतून "मी आज उठलोय" एवढं कळवत असतात. आमच्या एका आजोबांचा फोटो सकाळी नऊपर्यंत आला नाही म्हणून शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं. ते न्हाणीघरात पडलेले होते. त्यांना वेळेवर दवाखान्यात नेता आलं.

आता वही. हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत जास्त गुण याचाच येतो. एक साधा गूगल फॉर्म करा: इमारत, घर क्रमांक, तक्रार, फोटो असल्यास फोटो. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांच्यासाठी गेटवर वॉचमनकडे एक लांब वही ठेवा. दोन्हीकडच्या तक्रारींना एकाच क्रमाने नंबर द्या. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार आहे, आणि संध्याकाळी साडेसातला सूचनांच्या ग्रुपवर हिशेब टाका: इतक्या तक्रारी आल्या, इतक्या मिटल्या, इतक्या राहिल्या, राहिल्या त्या का राहिल्या. काहीच झालं नसेल तरी टाकायचं. "पंपाचा सुटा भाग आलेला नाही, त्यामुळे तक्रार ३८ ते ४२ तशाच आहेत" असं लिहिलेलं लोक समजून घेतात. गप्प बसलेल्या कमिटीला मात्र ते माफ करत नाहीत, कारण माहिती मिळाली नाही की ते काहीतरी वाईटच धरून चालतात.

एप्रिलमधली गोष्ट आहे. "टँकर फक्त बी इमारतीलाच का?" असा मेसेज पडला आणि वीस मिनिटांत ऐंशी उत्तरं आली. चेअरमन बी इमारतीत राहतात, एवढं लोकांना पुरेसं होतं. मी ग्रुपवर काही न लिहिता वॉचमनला फोन केला आणि टाक्यांपाशी जायला सांगितलं. बी इमारतीच्या टाकीचा व्हॉल्व्ह नादुरुस्त होऊन पाणी वाहून गेलं होतं, म्हणून टँकर तिथे लागला होता. वॉचमनने व्हॉल्व्हचा आणि रिकाम्या टाकीचा फोटो पाठवला. ते दोन फोटो आणि दोन ओळी टाकल्यावर बोलणं थांबलं. "कृपया शांतता राखा" असं मी वीस वेळा लिहिलं असतं तरी ते थांबलं नसतं.

खरं भांडण, म्हणजे दोन माणसांमधलं, पेटलं तर काय करायचं? पहिली पंधरा-वीस मिनिटं महत्त्वाची असतात. बहुतेक अ‍ॅडमिन लगेच फोन करतात तो वाईट बोलणाऱ्याला, जाब विचारायला. माझा पहिला फोन ज्याला ते बोल लागले त्याला जातो. एक वाईट मेसेज आला तर तो नुसता वाईट मेसेज असतो, त्याला तसंच उत्तर गेलं की भांडण होतं. ते उत्तर त्या घडीला टाइप होत असतं, आणि तुमचा फोन वाजला की टाइप करणं थांबतं. मी एवढंच म्हणतो, "दादा, मी वाचलंय ते. त्यांनी तुम्हाला असं बोलायला नको होतं. मी त्यांच्याशी बोलतोय, मला अर्धा तास द्या, तोवर काही लिहू नका." आजवर फार थोड्यांनी नाही म्हटलंय. चारचौघांत अपमान झाल्यावर कोणीतरी आपली बाजू पाहिली, एवढंच त्या माणसाला हवं असतं.

मग दुसरा फोन, बोलणाऱ्याला. त्यालाही आधी मूळ गोष्ट विचारायची: गाडी कुठे लावली होती, किती वाजता, आधी कितींदा झालं. सात-आठ मिनिटं ऐकून घ्यायचं. त्यानंतर मागायचं: "काका, मुद्दा तुमचा बरोबर आहे, तो मी वहीत घेतो. पण तो शब्द तेवढा काढून टाका." मेसेज ज्याचा त्यानेच काढलेला बरा, याबद्दल माझा आग्रह आहे. पाठवणाऱ्याला आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. अ‍ॅडमिनलाही तो काढता येतो, पण तिथे "अ‍ॅडमिनने डिलीट केला" अशी खूण राहते. ती खूण सातशे जण बघतात, आणि मेसेजमध्ये काय होतं हे ज्यांना माहीत नव्हतं ते आता विचारायला लागतात. शिवीगाळ असेल, कोणाच्या बायका-मुलांबद्दल असेल, धर्माबद्दल असेल, तर कोणालाही न विचारता स्वतः लगेच काढा. एरवी माणसाला स्वतःचा शब्द स्वतः मागे घ्यायची संधी द्या.

या दोन फोननंतरच ग्रुपवर लिहायचं. दोन ओळी, कोणाचंही नाव न घेता: "पार्किंगचा हा विषय तक्रार ४३ म्हणून नोंदला आहे. गुरुवारी उत्तर देतो, तोपर्यंत इथे थांबू या." "ग्रुपचं वातावरण बिघडवू नका" असलं काही लिहू नका. भांडले दोघे आणि दटावणी सातशे जणांना, असं होतं. शिवाय ज्यांनी भांडण पाहिलंच नव्हतं ते वर जाऊन वाचायला लागतात.

भाषेकडे कान ठेवा. मराठीत भांडण कुठवर आलंय ते सर्वनामावरून कळतं. नेहमी "तुम्ही" म्हणणारा माणूस अचानक "आपण फार हुशार आहात" असं लिहू लागला की टोमणे सुरू झाले. "अहो"चं "अरे" झालं की मी जेवणाचं ताट बाजूला ठेवून फोन घेतो. आमच्यासारख्या सोसायट्यांत आणखी एक गोष्ट घडते. मराठी माणूस हिंदीत लिहिताना "तुम्ही"चं सरळ "तुम" करतो, त्याच्या मनात आदरच असतो. पण उत्तरेकडून आलेल्या शेजाऱ्यांना अनोळखी माणसाने, त्यातही वडीलधाऱ्याला, "तुम" म्हटलेलं टोचतं, कारण तिथे "आप" म्हणायची रीत. या एका शब्दावरून आमच्याकडे मराठी-हिंदी वाद पेटला होता. दोघांनाही फोनवर हे समजावून सांगितलं, तेव्हा दोघेही आधी गप्प झाले आणि मग एकमेकांना भेटायला गेले. सूचना आम्ही मराठीत देतो आणि खाली हिंदीत. तेवढ्याने कोणालाही आपण बाहेरचे आहोत असं वाटत नाही.

रात्रीचं बोलणं टाळा. माझ्या नोंदीप्रमाणे आमच्याकडची सगळ्यांत वाईट भांडणं रात्री साडेदहानंतरची आहेत. दिवसभराचा थकवा असतो, काहींनी थोडी घेतलेली असते, आणि व्हॉइस नोट सुरू होतात. आम्ही इमारतींचे ग्रुप रात्री अकरा ते सकाळी साडेसहा बंद ठेवतो. सेटिंगमध्ये "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" ही सोय २०१८ पासून आहे. ती रोज हाताने लावावी लागते, म्हणून तिघा अ‍ॅडमिननी वार वाटून घेतलेत. रात्री आग लागली, चोर आला, कोणी आजारी पडलं तर फोन करायचा असतो, मेसेज नाही, हेही लोकांना वारंवार सांगितलंय आणि वॉचमनचा नंबर ग्रुपच्या माहितीत वरच ठेवलाय.

बाकीच्या सेटिंगचं थोडक्यात सांगतो. नवीन सदस्य अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच आत येईल असं करा आणि घर क्रमांक विचारल्याशिवाय कोणाला घेऊ नका. ग्रुपचं नाव-फोटो बदलायचा अधिकार अ‍ॅडमिनपुरता ठेवा. घर विकून किंवा सोडून गेलेल्यांना दर तीन महिन्यांनी, आधी मेसेज करून, काढा. अ‍ॅडमिन किमान तीन हवेत, वेगवेगळ्या इमारतींतले, त्यात एखाद्या तरी ताई हव्यात आणि एक भाडेकरू हवा. कमिटीतले दोघांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर कमिटीवरची टीका काढून टाकली असा आरोप येतो आणि कधी कधी तो खराही असतो. ग्रुप मुळात कोणी बनवला तेही बघून ठेवा. ज्याने ग्रुप तयार केला त्याला दुसरा अ‍ॅडमिन काढू शकत नाही, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत अ‍ॅडमिनच राहतो. अनेक सोसायट्यांचा पहिला ग्रुप बिल्डरच्या माणसाने किंवा एखाद्या दलालाने बनवलेला असतो. तुमच्याकडे तसं असेल तर नवीन ग्रुप करून सगळ्यांना तिकडे न्या.

फॉरवर्डबद्दल मला जास्त बोलायचंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होती. त्याच काळात एक व्हिडिओ फार पसरला होता: मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीत जनजागृतीसाठी केलेला होता आणि त्यात शेवटी मूल परत आणून देतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही आला होता. तीन वेळा आला, तीन वेगवेगळ्या भल्या माणसांकडून, "सावध राहा" अशा ओळीसह. मी तो तसाच राहू दिला, कारण त्यात मला काही गैर दिसलं नाही. राईनपाड्याची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या गेटवरही बहुरूपी येतात, भंगारवाले येतात, वासुदेव येतो. आमच्या ग्रुपवरचा तो मेसेज वाचून त्यांच्यातल्या कोणावर कोणी हात टाकला असता तर?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. असा मेसेज दोन बाणांच्या खुणेने ओळखू येतो. आमचा नियम त्या खुणेवर बेतलेला आहे: दोन बाण असलेला मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा नाही, मग तो रक्तदानाचा का असेना. रक्ताची गरज खरी असेल तर आधी त्या नंबरवर स्वतः फोन करायचा आणि "मी बोललोय, आज दुपारपर्यंत गरज आहे" असं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. हा नियम लोकांना पटतो. खरं-खोटं ठरवत बसायचा वाद त्यात नसतो, आणि खूण सगळ्यांना डोळ्यांनी दिसते. मूल पळवल्याची, जनावर चोरल्याची, अमक्या धर्माच्या माणसांची अफवा आली तर मात्र नुसतं काढून थांबू नका. काढा, पाठवणाऱ्याला फोन करा, आणि सूचनांच्या ग्रुपवर लिहा की अशी बातमी फिरतेय, आम्ही पोलीस चौकीत विचारलं, तसं काही घडलेलं नाही. चौकीत खरोखर विचारूनच लिहायचं.

राजकारण आणि धर्म हे विषय सोसायटीच्या ग्रुपवर पूर्ण बंद ठेवा. आपल्याला आवडणाऱ्या पक्षाची चांगली बातमी असली तरीही. पहिला फॉरवर्ड तुमच्याच विचारांचा असेल तेव्हा काढा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी बोट दाखवणार नाही. ९ नोव्हेंबर २०१९ ला अयोध्येचा निकाल आला, त्या दिवशी महाराष्ट्रात असंख्य अ‍ॅडमिननी ग्रुप बंद ठेवले होते. आम्हीही ठेवले, आणि आदल्या दिवशीच "परवा सकाळी आठला पुन्हा सुरू" असं लिहून ठेवलं. किती वेळ बंद हे आधी सांगितलं की लोकांना ते आपलं तोंड दाबणं वाटत नाही.

तुम्हाला अ‍ॅडमिन म्हणून पोलिसांची भीती वाटत असेल, ती बऱ्याच जणांना वाटते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हा प्रश्न सोडवला आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, त्याच्याशी संगनमत असल्याखेरीज, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तिथे आरोप हाच होता की अ‍ॅडमिनने त्या सदस्याला काढलं नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये अशीच भूमिका घेतली. म्हणून भीतीपोटी ज्याला-त्याला रिमूव्ह करत सुटू नका. पण तो मजकूर तुम्ही स्वतः पुढे पाठवला, तर ती तुमची कृती झाली. आणि एक लक्षात ठेवा: ग्रुपवरचा पोल म्हणजे ठराव नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालची सोसायटी असेल तर जे ठराव सर्वसाधारण सभेत व्हायला हवेत ते तिथेच व्हायला हवेत. "पोलमध्ये तीनशे जणांनी होकार दिला होता" हे पुढच्या भांडणाचं बी असतं. तसंच मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी नावानिशी ग्रुपवर टाकायची मागणी येईल. टाकू नका. वसुलीचे रस्ते कायद्यात आहेत. त्या यादीने पैसे येत नाहीत, घरातल्या मुलांना मान खाली घालून जिना चढावा लागतो.

दोन बाबतींत मात्र मी वही आणि फोन यांची वाट बघत नाही. पहिली, ग्रुपवरून नंबर घेऊन एखाद्या ताईला खासगी मेसेज करणं. तक्रार आली, स्क्रीनशॉट पाहिला, की तो माणूस त्याच मिनिटाला बाहेर. ताईंचं नाव कुठेही येऊ देत नाही, आणि त्यांना पोलिसांत जायचं असेल तर सोबत जातो. अशा तक्रारी ताई पुरुष अ‍ॅडमिनकडे सहसा आणत नाहीत. म्हणून वर म्हटलं की अ‍ॅडमिनमध्ये ताई हवीच. आमच्याकडची पहिली तक्रार ताई अ‍ॅडमिन झाल्यावर आठवड्याभरात आली, आणि तो प्रकार वर्षभर चालू होता असं तेव्हा कळलं.

दुसरी बाब फसवणुकीची. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके नावाची, फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल येते, ती उघडली की फोन चोरांच्या ताब्यात जाऊ शकतो, आणि त्या माणसाच्या नावाने तीच फाइल त्याच्या सगळ्या ग्रुपवर जाते. पाठवणारा ओळखीचा असल्याने लोक विश्वासाने उघडतात. अशी फाइल दिसली की मेसेज काढा, तो नंबर तात्पुरता रिमूव्ह करा, आणि त्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, साध्या फोनने कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करायला सांगा. इथे पहिला तास मोलाचा असतो.

नियम मग किती ठेवायचे? आमचे चार आहेत. तक्रार वहीत. दोन बाणांचं फॉरवर्ड नाही. राजकारण-धर्म नाही. माणसावर बोलायचं नाही, कामावर बोला. चार असले की लोकांच्या तोंडी राहतात, अकरा कोणी वाचत नाही. मोडणाऱ्याला पहिल्यांदा फोन, दुसऱ्यांदाही फोन, तिसऱ्यांदा सात दिवस बाहेर. परत घ्यायची तारीख त्याला बाहेर काढतानाच सांगायची आणि त्या दिवशी आठवणीने घ्यायची. बाहेर असताना सूचनांच्या ग्रुपमध्ये त्याला राहू द्यायचं. पाणी कधी येणार हे कळण्याचा हक्क शिक्षेत जाऊ नये. ही शिक्षा एक अ‍ॅडमिन देत नाही, तिघांपैकी दोघांची संमती लागते.

आता तुमचे काका. त्यांना परत घ्या, पण नुसतं ॲड करू नका. त्यांना ॲड केल्याचं सगळ्यांना दिसेल, एक तट टाळ्या वाजवेल, दुसरा चिडेल, आणि काका पहिल्याच मेसेजला मागचा हिशेब काढतील. आधी त्यांच्या घरी जा. एकट्या जा, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. "काका, तुम्हाला न विचारता काढलं ते बरोबर झालं नाही," एवढं वाक्य अ‍ॅडमिन म्हणून तुम्ही बोलायला हवं, काढणारा दुसरा कोणी असला तरी. मग कुत्र्यांचं ऐकून घ्या. ते चिडले त्याला काहीतरी कारण असणार. एखादं कुत्रं अंगावर आलं असेल, नातवाला चावलं असेल. ज्या ताई खायला घालतात त्यांच्याकडेही जा.

या वादाला ग्रुपवर उत्तर नाही, पण कागदावर आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांना खायला घालण्याची व्यवस्था सोसायटीवरच सोपवली आहे: जागा ठरवायची, ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, ये-जा करायच्या दारापासून लांब असावी, वेळ ठरवायची. म्हणजे ताईंना खायला घालता येतं आणि काकांचा जिना मोकळा राहतो. दोघांनाही हा कागद घरी बसून वाचायला द्या. मग दोघांना आणि कमिटीतल्या एकाला घेऊन आवारात फेरी मारा आणि जागा नक्की करा. आमच्याकडे ती मागच्या भिंतीलगत, जनरेटरच्या पलीकडे ठरली. वेळ रात्री साडेनऊ, आणि भांडी उचलायची जबाबदारी खायला घालणाऱ्यांची.

जागा ठरली की सूचनांच्या ग्रुपवर दोन ओळी टाका: अमुक जागा, अमुक वेळ, आणि ही जागा दोघांनी मिळून सुचवली. नावं घालायची तर दोघांनाही विचारून घाला. त्यानंतर काकांना ग्रुपमध्ये घ्या. ॲड करण्याआधी त्यांना फोन करून सांगा की आता घेतेय, आणि विचारा की आजची पाण्याची वेळ तुम्हीच टाकाल का. त्यांचा पहिला मेसेज पाण्याच्या वेळेचा असू द्या.